कोल्हापूरहून एका दिवसासाठी येऊन मुंबईतली म्युझियम कशी पाहावीत?

तुम्ही विचारलंय की सोमवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरून त्याच रात्री परत निघायचं आहे. सोबत सत्तरीच्या आई आणि चित्रं काढणारी नऊ वर्षांची लेक आहे. एवढ्यात फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, एनजीएमए (आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन), जहांगीर आर्ट गॅलरी आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम अशी चारही ठिकाणं होतील का?

चारही नाहीत, पाय ओढत तीन करता येतील, पण करू नका. एकच म्युझियम नीट पाहा आणि निघताना शेजारच्या जहांगीरमध्ये डोकावा. एनजीएमए सोमवारी बंदच असतं. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं, म्हणजे तुमच्या दिवशी उघडं मिळेल; तरी भायखळा ते फोर्ट ही ये-जा आईंना दमवेल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र सोमवारीही उघडं असतं, सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस तेवढे टाळा. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ आणि तिकिटाचे दर एकदा बघून घ्या.

मी ठाण्यात शाळेत चित्रकला शिकवते आणि बरीच वर्षं आठवीच्या मुलांना तिथे घेऊन जाते. पहिल्या वर्षी चाळीस मुलं रांगेने सगळ्या दालनांतून फिरवली, पुरते तीन तास. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, जे आठवतंय ते काढा. निम्म्याहून जास्त मुलांनी पेंढा भरलेले प्राणी काढले आणि काहींनी चक्क बस काढली. मूर्ती एकाच्याही कागदावर नव्हती. मला फार वाईट वाटलं, कारण मुलांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही त्यांना कशासमोरही थांबूच दिलं नव्हतं. तेव्हापासून मी फक्त पाच वस्तू ठरवते आणि प्रत्येकीसमोर मुलांना खाली बसवते.

तुमच्यासाठी मी तीनच सुचवते, बाकीच्या दोन लेकीला निवडू द्या.

पहिली, ध्यानात निश्चल उभ्या असलेल्या जैन तपस्वी बाहुबलीची कांस्यमूर्ती. कुंभोजचा बाहुबली तुमच्या आईंनी पाहिलाच असेल, मान वर करकरून. इथला हातभर उंचीचा आहे. मूळची श्रवणबेळगोळची ही मूर्ती नवव्या शतकातली मानतात, म्हणजे तिथला तो सत्तावन्न फुटी दगडी गोमटेश्वर, म्हणजे बाहुबलीच, घडायच्याही आधीची. आधी नुसते पाय बघा. वेल पायांवरून चढत वर जाते आणि हातांनाही वेढा घालते. ती दोरीसारखी करकचून बांधलेली नाही, अंगावर हलकेच टेकलेली आहे. त्याला तिचा स्पर्श जाणवतोय की नाही, हे तिच्याकडे पाहून ठरवता येत नाही. मग मागे वळवलेले केस बघा, एकेक रेघ वेगळी, आणि खांद्यावर उतरलेल्या बटा. जमलं तर काचेच्या बाजूने जाऊन पाठही बघा. माझा एक विद्यार्थी, वर्गात पाच मिनिटं एका जागी न बसणारा, इथे अर्धा तास वेलीची पानं मोजत बसला होता. त्याचं चित्र मी अजून जपून ठेवलंय.

दुसरी, कर्नाटकातल्या ऐहोळेची ब्रह्मदेवाची शिळा. ही मूळची देवळाच्या छतातली, सातव्या शतकातली. आज आपण ती समोर उभी बघतो, पण घडवणाऱ्याला ठाऊक होतं की बघणारा खाली उभा राहून मान मागे टाकणार आहे. लेकीला हे आधी सांगा आणि विचारा, ‘ही तुझ्या डोक्यावर असती तर आधी काय दिसलं असतं?’ मुलं यावर जी उत्तरं देतात ती ऐकण्यासारखी असतात.

तिसरी एक वस्तू नाही, लघुचित्रांचं दालन आहे. आत उजेड मंद असतो. जास्त प्रकाशाने ते रंग उडतात म्हणून तसा ठेवलेला असतो. शिरल्या शिरल्या बाहेर पडू नका, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. अकबराच्या काळातल्या ‘अन्वार-ए-सुहेली’ या पोथीतली चित्रं या म्युझियमकडे आहेत. पंचतंत्रातल्या गोष्टीच फिरत फिरत फारसीत गेल्या, त्या या पोथीत आहेत. तुमच्या लेकीला त्या कोल्हा-सिंहाच्या गोष्टी माहीत असतील, आजीला तर नक्कीच. दोघींना एकाच चित्रासमोर उभं करा आणि आजीला गोष्ट सांगू द्या. एक लक्षात ठेवा, दालनांची मांडणी बदलते आणि काही वस्तू कधी बाहेरच्या प्रदर्शनाला जातात. तिकीट घेतानाच या तीन वस्तू कुठे आहेत ते विचारून घ्या, म्हणजे आईंचे जिने वाचतील. व्हीलचेअर आणि लिफ्टचंही तेव्हाच विचारा. ‘आई चालतात की’ म्हणून सोडून देऊ नका. चालणं वेगळं आणि म्युझियममध्ये उभं राहणं वेगळं, दुसऱ्याने कंबर लवकर धरते.

प्राण्यांचं दालन आहेच. मुलांना आवडतं, आवडू द्या, पण ते शेवटी ठेवा. आवारात २०१९ साली सुरू झालेलं खास मुलांचं म्युझियमही आहे. आई बाकावर टेकल्या की लेकीला तिकडे न्या.

इमारत मात्र घाईत ओलांडू नका. बाहेर बागेत उभं राहून घुमटाकडे बघा, विजापूर पाहिलं असेल तर गोलघुमट आठवेल, आणि ते बरोबरच आहे. जॉर्ज विटेट यांचं हे काम, गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. कुर्ल्याचा काळपट आणि मालाडचा पिवळसर दगड शेजारी शेजारी लावलाय, तो भिंतीजवळ जाऊन बघा. पायाभरणी १९०५ची, इमारत १९१४ला तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्कराचं इस्पितळ होतं. लोकांसाठी दारं उघडली ती १९२२च्या जानेवारीत. मधल्या दालनात वर नजर टाका, अठराव्या शतकातल्या एका मराठी वाड्याचे लाकडी खांब आणि सज्जाचा कठडा तिथे बसवलेला दिसेल. वाड्यात वाढलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

आता दिवसाचा हिशेब. महालक्ष्मी सकाळी लवकर येते. सामान स्टेशनच्या क्लोकरूमला ठेवा, आवरा आणि पोटभर नाश्ता करा, उपाशीपोटी मूर्ती दिसत नाहीत. आईंना जमत असेल तर डी. एन. रोडने हुतात्मा चौकावरून रमतगमत चालत जा, नाहीतर टॅक्सी करा. नुसतं ‘म्युझियम’ म्हटलं की टॅक्सीवाल्याला कळतं. सव्वादहाला दारात असाल तर पहिला तास गर्दी कमी मिळेल, शाळांच्या सहली थोड्या उशिरा येतात. साडेबाराला थांबून बाहेर पडा, जेवा, बसा. लेकीची तयारी असेल तरच पुन्हा आत जायचं, म्हणून तिकिटावर परत आत सोडतात का ते सकाळीच विचारून ठेवा.

दुपारी चारनंतर जहांगीर. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि मुख्य म्हणजे बरेचदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. लेकीला सांगा, बेधडक विचार, ‘हा रंग कसा केलात?’ नऊ वर्षांच्या मुलीने असं विचारल्यावर तोंड फिरवणारा चित्रकार मला अजून भेटलेला नाही. बाहेर पडलात की चौकात घोडा दिसेल, स्वाराशिवायचा. जुना काळा घोडा त्याच्यावरच्या ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डसकट १९६५ साली इथून हलवला, तो आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाडच्या शेजारी आहे. नवा २०१७ साली आला. दोन्ही घोडे तुलना करून बघायचे म्हणून पुढची खेप भायखळ्याची ठेवा. तिथे घारापुरीचा दगडी हत्तीही आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं.

लेकीच्या पिशवीत एक वही आणि पेन्सिल असू द्या, रंग आणि पेन नकोत. मोबाईलचे फोटो तुम्ही काढा, तिला काढायला लावू नका. चित्र बिघडलं तरी पान फाडायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवा.

आणि निघायच्या आधीचा एखादा रविवार कोल्हापुरातच टाउन हॉल म्युझियमला द्या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे, रोमन व्यापाराबरोबर आपल्या पंचगंगेकाठी पोचलेली. कितीतरी कोल्हापूरकरांनी ती पाहिलेली नसते. तिच्यासमोर लेकीला वीस मिनिटं बसवून बघा. तिथे ती रमली तर मुंबईत तीन वस्तू सहज होतील. कंटाळली तर दोनच ठेवा, बाहुबली आणि पंचतंत्राचं चित्र.