आधी बुंधा बघा: नाताळच्या खऱ्या झाडाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या वाचकांची नाताळच्या झाडाविषयी पत्रं सुरू होतात. ती माझ्याकडे पाठवली जातात, कारण मी मूळची वसईची आणि डिसेंबरातले शनिवार-रविवार न्यू जर्सीतल्या एका झाडांच्या शेतावर काम करते. लोकांनी तोडून आणलेलं झाड यंत्रावर हलवून वाळक्या सुया झाडायच्या, जाळीत ओढायचं आणि गाडीवर चढवायला हात लावायचा, हे माझं खातं. त्यामुळे झाडं मी शेंड्यापेक्षा बुंध्याकडूनच जास्त बघितली आहेत. यंदा आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

यंदा पहिल्यांदाच खरं झाड आणायचं आहे. मुलगी हट्टाला पेटली आहे. फ्रेझर, बाल्सम, डग्लस, ब्लू स्प्रूस... नावं वाचूनच दमायला झालं. कोणतं घ्यावं आणि कधी घ्यावं? (एडिसन, न्यू जर्सी)

जातीचं नंतर बघू. आधी झाड ताजं आहे का ते बघा. पार्किंगच्या कडेला किंवा मोठ्या दुकानाबाहेर रचलेली झाडं बहुतेक नॉर्थ कॅरोलिनातून, ओरेगॉनमधून नाहीतर कॅनडातून ट्रकनं आलेली असतात आणि नोव्हेंबरातच कापलेली असतात. तुम्ही डिसेंबरच्या मध्यावर गेलात तर झाड कापून महिना होत आलेला असू शकतो. तो महिना ते सावलीत, ओलाव्यात होतं की डांबरावर उन्हात, त्यावर सगळं आलं.

फांदी मुठीत सैल धरून आतून टोकाकडे हात ओढा. दोन-चार सुया हातात आल्या तर ठीक, मूठभर आल्या तर पुढच्या झाडाकडे चला. मग झाड जरा उचलून बुंधा जमिनीवर आपटा. आतल्या बाजूच्या तपकिरी सुया पडतीलच, त्या दर वर्षी गळतातच. बाहेरच्या हिरव्या सुया पडायला लागल्या तर ते झाड सोडा. फरची सुई वाकवली तर ताजी असताना कट्‌कन मोडते. पाइनची मात्र ताजी असली तरी नुसती वाकते, तिला ही परीक्षा लावू नका. आणि झाड उचलून बघायला लाजू नका. ताजं झाड पाण्यानं जड असतं. हाताला हलकं लागलं तर समजून घ्या.

आता जात. सुई दोन बोटांत घेऊन फिरवा. चपटी आहे, फिरत नाही, तर फर. चौकोनी आहे, गोल फिरते, तर स्प्रूस. सुया जुडीनं येतात, तर पाइन. व्हाइट पाइनच्या जुडीत पाच, स्कॉच पाइनच्या जुडीत दोन. एवढं कळलं की पाटी वाचायची गरज उरत नाही.

पहिल्याच वर्षी असाल आणि खिशाला परवडत असेल तर फ्रेझर घ्या. सुया मऊ, खालून चंदेरी, फांद्या दणकट आणि सुया महिनाभर धरून ठेवण्यात त्याच्यासारखं दुसरं क्वचितच. हे झाड मूळचं नॉर्थ कॅरोलिना-टेनेसीकडच्या उंच डोंगरांवरचं. जड, पाणी धरणाऱ्या मातीत त्याची मुळं कुजतात, म्हणून आमच्या शेतावर ते लावतच नाहीत, कापलेलं ट्रकनं येतं. त्यामुळे ते महागही पडतं. वास हवा असेल तर बाल्सम. डग्लस नावालाच फर आहे, शास्त्रज्ञ त्याला खऱ्या फरमध्ये धरत नाहीत, पण दिसायला भरगच्च आणि दरात जरा नरम. ब्लू स्प्रूस सुंदर दिसतो पण टोचतो. मांजर असेल तर ते सोयीचंच, सहा वर्षांची मुलगी दागिने लावणार असेल तर नाही. नॉर्वे स्प्रूस गरम घरात लवकर गळतो, तो शेवटच्या आठवड्यातच आणावा. व्हाइट स्प्रूसची सुई चुरडली की घाण वास येतो. एकदा नाकाशी धरा, मग तुमचं तुम्हीच ठरवाल.

कधी आणायचं हे उलटं मोजा. आमच्याकडे झाड 6 जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगला आणलं तर तेव्हापर्यंत सहा आठवडे होतात, ते बहुतेक झाडांना झेपत नाही. डिसेंबरचा दुसरा शनिवार-रविवार बरा.

उंचीचं सांगायला हवं, कारण दर हंगामात यावरून नवरा-बायकोची भांडणं माझ्या देखत होतात. मोकळ्या आभाळाखाली सगळीच झाडं लहान वाटतात. छत 8 फुटी असेल तर स्टँड आणि वरचा तारा धरून साडेसहा-सात फुटांपुढे जाऊ नका. घरून निघताना टेप घ्या आणि जागेची रुंदीही मोजा. रुंदी सगळे विसरतात आणि मग सोफा बाल्कनीत जातो.

गेल्या वर्षी झाड दहा दिवसांत कडकडीत वाळलं. रोज पाणी घालत होतो. बुंधा स्टँडमध्ये मावत नव्हता म्हणून मिस्टरांनी कडेनं तासून बारीक केला होता. त्याचा काही संबंध? (फिलाडेल्फियाजवळून)

संबंध आहे, तोच आहे. झाड पाणी ओढतं ते सालीच्या लगतच्या बाहेरच्या लाकडातून. मधला भाग त्या कामाचा नाही. मिस्टरांनी नेमकं पाणी पिणारं लाकूड तासून टाकलं. पाणी घातलंत, पण ते झाडाला पोचायची वाट राहिली नाही. बुंध्याच्या तळाला मधोमध भोक पाडायला सांगणारेही भेटतात. त्या भोकानं झाड जास्त पाणी पीत नाही, फक्त स्टँडच्या खिळ्यावर सरळ बसतं.

कापल्यावर काही तासांत चीक सुकतो आणि कापलेलं तोंड बुजतं. म्हणून घरी उभं करायच्या आधी बुंध्याची अर्धा ते एक इंच जाडीची चकती कापून टाकायची. सरळ आडवी, तिरका काप दिला तर झाड उभं राहत नाही आणि पाणीही जास्त लागतं. हे काम शेतावर नाहीतर दुकानात करून मागा, बहुतेक ठिकाणी करून देतात. तिथून घरी येऊन पाण्यात घालेपर्यंत सहा-आठ तासांच्या वर जाऊ देऊ नका. वाटेत मॉलमध्ये जायचं असेल तर चकती घरीच कापा, करवत महाग नसते. त्याच दिवशी उभं करायचं नसेल तर गॅरेजमध्ये बादलीत पाणी घालून ठेवा.

आणि तुमचा स्टँड लहान आहे, हा खरा रोग. खोक्यावर "सात फुटी झाडासाठी" लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. हिशेब बुंध्याचा करायचा: जाडीच्या दर इंचाला एक क्वार्ट, म्हणजे साधारण लिटरभर पाणी मावलं पाहिजे. चार इंची बुंध्याला एक गॅलन. आणि मोजायचं ते बुंधा आत उभा केल्यावर उरलेल्या जागेत. यंदा आधी स्टँड घ्या, त्याच्या तोंडाचं माप घ्या आणि त्या मापाचा बुंधा शोधा. शेंडा बघून हरखायचं आणि घरी जाऊन बुंधा तासायचा, हा उलटा कारभार आहे.

पहिल्या दिवशी झाड गॅलनभर पाणी सहज पितं. पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ बघा, पुढे रोज एकदा. पाण्याची पातळी कापाच्या खाली गेली की तोंड परत बुजायला लागतं, आणि दागिन्यांसकट आडवं करून पुन्हा चकती कापायचा उत्साह कोणाला असतो? जागा गरम हवेच्या जाळीपासून, रेडिएटरपासून आणि फायरप्लेसपासून निदान तीन फूट लांब हवी. झाडाखाली दिवाळीच्या उरलेल्या पणत्या लावून फोटो काढणारी घरं मला ठाऊक आहेत. कृपा करून तेवढं करू नका.

पाण्यात साखर, ॲस्पिरिन की व्हिनेगर? (तिघांनी विचारलं आहे)

साधं नळाचं पाणी. गरम नको, गार नको, काही मिसळायला नको. ॲस्पिरिन स्वतःसाठी ठेवा, झाड जिन्यावरून वर न्यायच्या दिवशी लागेल.

सासूबाई नाशिकहून आल्या आहेत. त्या म्हणतात, दहा वर्षं वाढलेलं झाड तीन आठवड्यांच्या हौसेसाठी तोडायचं म्हणजे पाप. मला उत्तर देता आलं नाही. (राले, नॉर्थ कॅरोलिना)

सासूबाईंचं वयाचं गणित बरोबर आहे. सहा-सात फुटी झाडाला सात ते दहा वर्षं लागतात. पण ते जंगलातलं झाड नाही. रोप लावण्यापासून दर उन्हाळ्यात छाटून आकार देण्यापर्यंत ते विकण्यासाठीच वाढवलेलं पीक असतं, आणि वसंतात त्या रांगेत नवं रोप लागतं. तुम्ही तर फ्रेझरच्या राज्यातच राहता. एखाद्या शनिवारी त्यांना डोंगराकडच्या शेतावर घेऊन जा. नाशिकच्या बाईला द्राक्षाची बाग माहीत असते, उतारावरच्या रांगा बघून त्या पुढचं आपणच समजतील.

प्लास्टिकच्या झाडाचं म्हणाल तर ते बहुतेक चीनमधून येतं आणि त्याचं मोल किती वर्षं वापरता यावर आहे. मॉन्ट्रियलच्या एका सल्लागार कंपनीनं 2009 मध्ये हिशेब मांडला होता, की खऱ्या झाडाच्या तोडीस तोड यायला ते 20 वर्षं वापरावं लागेल. आईनं घेतलेलं झाड मुलगी वापरते अशी घरंही मी बघते, त्यांना माझा काही आक्षेप नाही. दर चार वर्षांनी नवं घेणाऱ्यांनी मात्र पर्यावरणावर बोलू नये.

सण झाल्यावर झाड काळ्या पिशवीत घालून टाकू नका. जानेवारीत बहुतेक गावांत ती वेगळी गोळा करतात आणि त्यांचा भुसा करून बागांत घालतात. आमच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत वाळूच्या टेकड्या सावरायला ती वापरतात. तेवढ्यासाठी दिवे, तारा आणि चकचकीत झिरमिळ्या पूर्ण काढा. फायरप्लेसमध्ये जाळू नका, चिकामुळे भडका उडतो.

झाडाच्या फांदीला अक्रोडाएवढा तपकिरी, फेस वाळल्यासारखा गोळा चिकटलेला आहे. काय असेल? (हार्टफर्ड, कनेटिकट)

मँटिसची, म्हणजे प्रार्थनाकीटकाची अंडी. आजच्या आज तेवढी डहाळी कापा आणि बाहेर एखाद्या झुडपाला जमिनीपासून वर बांधून ठेवा. घरातल्या उबेत राहिली तर काही आठवड्यांत शे-दोनशे पिल्लं पडद्यांवर चढतील आणि खायला काही नसल्यानं मरतील. ती चावत नाहीत. कधी कधी मोठा, काळपट मावाही निघतो. तोही निरुपद्रवी, घरातल्या कुंड्यांना लागत नाही. चिरडू नका, भिंतीवर जांभळा डाग पडतो. व्हॅक्यूमनं ओढून घ्या. कीटकनाशकाचा फवारा झाडावर मारू नका, तो पेट घेऊ शकतो.

मुंबईच्या लोहार चाळीतून आणलेल्या दिव्यांच्या माळा चालतील का? (एडिसनहूनच, दुसरं घर)

त्या 230 व्होल्टच्या, इथं भिंतीत 120. पेटल्याच तर मिणमिणतील. इथल्या एलईडी माळा घ्या, तापत कमी आहेत, झाडही उशिरा वाळतं. आणि मुंबईची माळ जोडण्यासाठी ॲडॉप्टरची लांबलचक साखळी करून ती पाण्याच्या स्टँडशेजारी ठेवायची, हे मनात आलं असेल तर काढून टाका.

मुलगा अमेरिकेतल्या झाडाचे फोटो पाठवतो. मला नर्सरीत कुंडीतलं "ख्रिसमस ट्री" मिळालं, पण ते तसं दिसत नाही. फसवलं का? (ठाणे)

फसवलेलं नाही, काकू. फर आपल्या कोकणाच्या उकाड्यात टिकणारच नाही. तुम्हाला मिळालं ते अरोकारिया, पॅसिफिकमधल्या बेटांवरचं झाड, उष्ण दमट हवेत रमणारं. आमच्या लहानपणी वसईत तेही मिळत नसे. सुरूची फांदी आणायची, डब्यात वाळू भरून उभी करायची आणि सगळं लक्ष गोठ्यावर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यावर द्यायचं. त्या मानानं तुमचं झाड जिवंत आहे, ते वर्षानुवर्षं चालेल.

घेताना एकच सरळ शेंडा आणि चारी बाजूंना सारखे फांद्यांचे मजले असलेलं बघायचं. बऱ्याचदा एका कुंडीत दोन-तीन रोपं खोचून भरगच्च दाखवतात, मातीपाशी खोडं मोजा. फांद्या नाजूक असतात, कागदी तारे आणि हलक्या माळा लावा. सणापुरतं घरात ठेवा, एरवी गॅलरीत भरपूर उजेडात. वरची माती सुकली की पाणी, बशीत साचू द्यायचं नाही. खालची फांदी एकदा वाळली की तिथे परत फुटत नाही, म्हणून पाण्याची हेळसांड नको. आणि वर वाढतंय म्हणून शेंडा छाटायला माळ्याला सांगू नका. छाटलेल्या शेंड्याच्या जागी तसा सरळ शेंडा पुन्हा येत नाही. छताला लागायला लागलं तर सोसायटीच्या आवारात मोकळ्या जागी लावा, पण कमिटीला आधी विचारा. हे झाड फार उंच जातं.