संचालक ‘तटस्थ’ राहिले की बाहेर गेले?

दिंडोरीकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी कुणाकडून घ्यायची, हा विषय संचालक मंडळापुढे होता. खोकी पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये एक संचालक स्वतः भागीदार, म्हणून त्यांनी ‘रिक्यूज’ केलं, म्हणजे त्या विषयाच्या निर्णयातून स्वतःला बाजूला ठेवलं. मराठीत ‘तटस्थ राहिले’ लिहावं की ‘माघार घेतली’?

ताई, दोन्ही नको.

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर चढलं, हे आपण नाशिककर काठावरून बघतो, ते तटस्थ. तुमचे संचालक तर पाण्यात उभे आहेत. खोक्यांची ऑर्डर त्यांच्याच फर्मला मिळू शकते. मतदानात कुणालाच मत न देणाऱ्याला तटस्थ म्हणतात खरं, पण तो सभेत बसलेला असतो, चर्चेत बोललेलाही असतो. ‘अलिप्त’चंही तेच: लिप्त आहेत म्हणूनच तर उठायचं.

‘माघार’ न्यायाधीशांच्या बातम्यांत सर्रास दिसते, तरी मला खटकते. माघार सैन्य घेतं, उमेदवार घेतो. या गृहस्थांनी योग्य तेच केलंय, मग त्यांच्या नावाला हार का चिकटवायची? ‘अंग काढून घेतलं’ तर त्याहून वाईट.

कंपनी कायदा २०१३, कलम १८४ मध्ये गोष्टी दोन आहेत: आपला संबंध काय ते सभेत सांगणं, आणि मग त्या विषयात भाग न घेणं. खासगी कंपन्यांच्या संचालकांना २०१५ पासून, काही अटींवर, संबंध सांगून झाल्यावर भाग घेण्याची मुभा आहे. तुम्हाला काय लागू होतं ते कंपनी सेक्रेटरींना विचाराच. पण म्हणूनच एका नामात सगळं कोंबू नका. सांगून बसले की सांगून उठले, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’साठी ‘हितसंघर्ष’ही मी टाळीन, दोन पक्ष भांडताहेत असं वाटतं. मराठीत हितसंबंध गुंततात, आणि ते क्रियापद इथे नेमकं बसतं.

मी असं लिहीन: ‘पुरवठादार फर्ममध्ये आपण भागीदार असल्याने या विषयात आपले हितसंबंध गुंतले आहेत, असे श्री. अमुक यांनी सभेस सांगितले. विषय संपेपर्यंत ते सभागृहाबाहेर होते; चर्चेत व मतदानात त्यांनी भाग घेतला नाही.’