डिजिटल स्क्रॅपबुक छापायला देताना : वाचकांचे प्रश्न

नातीच्या पहिल्या वर्षाची 12 बाय 12 इंची 40 पानं तयार केली आहेत. प्रत्येक पानाला कडेने बारीक सोनेरी चौकट आहे. लॅबवाले म्हणतात, "ब्लीड सोडलेलं नाही, फाइली दुरुस्त करून आणा." सगळं पुन्हा करायचं का? — एक वाचक, कराड

सगळं नाही, पण चौकटीचा मोह सोडावा लागेल.

छापलेल्या पानांची चळत कटरखाली जाते तेव्हा प्रत्येक पान नेमक्या रेषेवर कापलं जात नाही. मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. पार्श्वभूमी कापायच्या रेषेपाशीच संपत असेल, तर कडेला कागदाची पांढरी रेघ उरते. म्हणून पार्श्वभूमी रेषेच्या बाहेरही थोडी वाढवायची, हेच ब्लीड. बहुतेक ठिकाणी ते प्रत्येक बाजूला 3 मिलिमीटर किंवा पाव इंचाचा निम्मा भाग असतं. 12 इंची पान 300 रिझोल्यूशनला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरून, 3600 बाय 3600 पिक्सेलचं होतं. ब्लीड धरून ते 12.25 इंच, म्हणजे 3675 बाय 3675 हवं.

लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, असलेली मूळ फाइल जपून ठेवली असेल तर काम सोपं आहे. कॅनव्हास (फाइलचं पूर्ण माप) 3675 करा, मधला बिंदू धरून. मग फक्त मागच्या कागदाचा लेअर 102.1 टक्क्यांपर्यंत मोठा करा. फोटो, फुलं, मजकूर यांना हात लावू नका. दोन टक्क्यांनी कागदाचा पोत बिघडलेला कुणाला दिसत नाही. हाताशी फक्त जेपीजी असेल, तर पूर्ण पान 94-95 टक्क्यांवर आणून त्याच रंगाच्या नव्या कागदावर मधोमध ठेवा. एकरंगी किंवा ठिपक्यांच्या पार्श्वभूमीवर कडेची 38 पिक्सेलची पट्टी कॉपी करून, उलटी फिरवून बाहेर जोडली तरी चालतं.

आता चौकट. 3 मिलिमीटर रुंदीची चौकट अगदी कडेला असेल आणि कटर दीड मिलिमीटर सरकला, तर एका बाजूला दीड आणि समोरच्या बाजूला साडेचार मिलिमीटर उरेल. हे सगळ्यांच्या डोळ्यांत येतं. ती काढून टाका, नाहीतर कापायच्या रेषेपासून किमान 12 मिलिमीटर आत घ्या. मजकूर आणि चेहरेही 8-10 मिलिमीटर आतच हवेत.

एक सावधगिरी. काही लॅब कापल्यानंतरच्या नेमक्या मापाची फाइल मागतात आणि ब्लीडसाठी ती स्वतः थोडी मोठी करतात. अशा ठिकाणी तुम्ही ब्लीडसकट फाइल दिलीत तर माप दोनदा वाढतं. म्हणून पहिल्या पानाला हात घालण्याआधी लॅबचं टेम्प्लेट, म्हणजे मापांचा तयार नमुना, मागून घ्यावं. चाळीस पानं झाल्यावर मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

12 बाय 12 इंची पानं 8 बाय 8 इंची पुस्तकात स्वस्त पडतील असं ऐकलं. तीच फाइल चालेल ना? — एक वाचक, नाशिक

फोटो चालतील, मजकूर अडेल. 12 वरून 8 म्हणजे दोन तृतीयांश. 12 पॉइंटचं अक्षर 8 पॉइंटचं होतं आणि 9 पॉइंटची तारीख 6 पॉइंटची. देवनागरीत त्या मापाला मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. लहान केल्यानंतर अक्षर 10 पॉइंटच्या खाली जाऊ नये, म्हणजे मूळ पानावर ते 15 हवं. आणि 8 इंचांतही ब्लीड लागतंच: 8.25 इंच, 2475 पिक्सेल.

फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी पेस्ट केलं की "श्री" फुटतं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. — एक वाचक, ठाणे

फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष बहुधा फॉन्टचा नसतो. जोडाक्षरं जुळवण्याचं काम टेक्स्ट इंजिन करतं आणि फोटोशॉपच्या मधल्या काही आवृत्त्यांत ते डीफॉल्टने फक्त युरोपीय किंवा पूर्व आशियाई लिप्यांसाठी लावलेलं असतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन "मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन" निवडा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, मग मजकुराचा लेअर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून "वर्ल्ड-रेडी" लेआउट लावा. अलीकडच्या आवृत्त्यांत बहुतेकदा ही पायरी लागत नाही. जुनी आवृत्ती असेल आणि पर्यायच दिसत नसेल, तर मजकूर जिंप किंवा इंकस्केपमध्ये करा. दोन्ही मोफत आहेत आणि देवनागरी नीट जुळवतात. तिथून पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी 300 रिझोल्यूशनला काढून पानावर ठेवता येतं.

डीटीपीवाल्यांकडून मिळालेले जुने बिगर-युनिकोड फॉन्ट वेगळ्या पद्धतीने चालतात. त्यांत युनिकोड मजकूर पेस्ट केला तर अक्षरं येणारच नाहीत, किंवा भलतीच येतील. मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, तेही मोफतच. मुक्ताच्या बारीक वजनातली अक्षरं गडद कागदावर पांढरी छापू नका. चार शाईंच्या छपाईत शाई आत पसरते आणि बारीक रेषा बुजतात. मीडियम किंवा त्याहून जाड वजन घ्या.

लॅबकडे तुमचा फॉन्ट नसतो. लेअरची फाइल तिकडे उघडली की त्यांच्या संगणकावर दुसराच फॉन्ट बसतो. म्हणून पान फ्लॅटन करून, म्हणजे सगळे लेअर एकत्र करून द्या, पण त्याआधी लेअर असलेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा.

स्क्रीनवर झकास दिसणारी पानं छापून आली की काळवंडतात. हळदीच्या समारंभातली राणी रंगाची साडी तर विटकी आली. — एक वाचक, पुणे

इथे दोन वेगळे त्रास आहेत.

काळवंडण्याचं कारण बहुतांशी स्क्रीन. ती मागून प्रकाश टाकते, कागद तसा टाकत नाही, आणि घरातली स्क्रीन सहसा पूर्ण ब्राइटनेसवर असते. मोजायचं यंत्र असेल तर 100 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर धरा. नसेल तर दिवसा, खोलीच्या साध्या उजेडात एक कोरं पांढरं डॉक्युमेंट उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनचा पांढरा कागदाएवढा दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. रात्रीचा पिवळा मोड आधी बंद करा. तो चालू ठेवून त्वचेचे रंग सुधारले की छापून चेहरे निळसर येतात.

साडीची गोष्ट निराळी. भडक राणी, मोरपंखी, कोवळा हिरवा हे रंग स्क्रीन जेवढे तेजाळ दाखवते तेवढे चार शाईंमध्ये बसतच नाहीत. ते थोडे उतरणारच. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं तर रंग सुधारत नाही, उलट पदराच्या चुण्यांतला बारकावा जाऊन सपाट गुलाबी डाग राहतो. तिथे सॅच्युरेशन थोडं कमीच करा. चुण्या दिसल्या की रंग पुष्कळसा सावरतो. फोटो कागदावर छापणाऱ्या लॅबमध्ये या रंगांना सहसा जास्त वाव मिळतो.

मात्र सगळंच पान विटकं येत असेल तर प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद, तपासा. अॅडोबी आरजीबीतली फाइल एसआरजीबी समजून छापली की सगळे रंग फिके पडतात. आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी3 मध्ये असतात. पान तयार झालं की "कन्व्हर्ट टू प्रोफाइल" वापरून एसआरजीबी करा. "असाइन" नको, त्याने आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात. लॅबने मागितल्याशिवाय फाइल स्वतः सीएमवायकेत (चार शाईंच्या रंगपद्धतीत) बदलू नका.

नातेवाइकांनी व्हॉट्सॅपवर पाठवलेले फोटो पानभर लावता येतील? रिझोल्यूशन 72 चं 300 करून बघितलं. — एक वाचक, बडोदे

नुसता आकडा बदलून एकही पिक्सेल वाढत नाही. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेलचा उरतो. 300 ने भागलं तर सव्वापाच इंच. 200 पर्यंत तडजोड केली तर 8 इंच. त्यापुढे चेहरे मऊ पडतात. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून परत मागवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. जुना छापील फोटो असेल तर व्हॉट्सॅपच्या फोटोपेक्षा स्कॅन बरा: साडेतीन बाय पाच इंची प्रिंट 600 ला स्कॅन केली की 2100 बाय 3000 पिक्सेल मिळतात, दुप्पट मापाला पुरतात.

स्टुडिओतून 12 बाय 36 चा करिझ्मा अल्बम करून घेतोय, पानं मीच देणार आहे. काय सांभाळायचं? — एक वाचक, कोल्हापूर

करिझ्मात समोरासमोरची दोन पानं एकाच शीटवर छापतात आणि मधे घडी पडते. ब्लीड न धरता शीट 10800 बाय 3600 पिक्सेल, घडी बरोबर 5400 वर. घडीच्या दोन्ही बाजूंना 120 पिक्सेल, म्हणजे एक सेंटिमीटर, तिथे चेहरा किंवा अक्षर नको. ग्रुप फोटो दोन्ही पानांवर पसरायचा असेल तर घडी दोन माणसांच्या मधल्या फटीत पाडा. फट नसेल तर तो फोटो एकाच पानावर घ्या. फाइलींना 01, 02 अशी नावं द्या. नुसतं 1, 2 दिलं तर काही सॉफ्टवेअरमध्ये 1 नंतर 10 लागतो आणि साखरपुड्याआधी पाठवणी येते.

सगळा अल्बम छापायच्या आधी एक 8 बाय 12 ची प्रिंट त्याच लॅबमधून, त्याच कागदावर काढा. तिच्यावर पूर्ण पान लहान करून टाकू नका. चार-पाच पानांचे तुकडे खऱ्या मापात कापून शेजारी लावा: सर्वांत गडद फोटो, सर्वांत भडक साडी, सर्वांत लहान अक्षर, आणि स्टिकरखालची सावली. सावली छापल्यावर स्क्रीनपेक्षा जड दिसते. तिची ऑपॅसिटी (गडदपणा) 75 टक्के असेल तर 35-40 वर आणून दोन्ही तुकडे छापून बघा.