धूसर जांभळा रंग आणि खोलीतला उजेड

प्रश्न : आमच्या झोपण्याच्या खोलीत थेट ऊन येत नाही. तिथे राखाडी झाक असलेला फिका जांभळा रंग लावावा, असा विचार आहे. पण घरातल्या काहींना तो भिंतीवर उदास दिसेल असे वाटते. कपाट आणि पलंग पिवळसर लाकडाचे आहेत. रंग चारही भिंतींना लावावा की एकाच?

उत्तर : घरच्यांची शंका निराधार नाही, मात्र तिचे मूळ रंगापेक्षा उजेडात अधिक आहे. जांभळा हा तांबड्या आणि निळ्याच्या मधला असल्यामुळे प्रकाश जरासा बदलला तरी तो एका बाजूला झुकतो. ऊन न येणाऱ्या खोलीत मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड पोहोचतो. अशा उजेडात निळ्याकडे झुकणारी छटा दिवसभर थंड, जवळजवळ राखाडी दिसते, तर तांबूस झाक असलेली छटा आपली ऊब बऱ्यापैकी राखून असते. तुम्ही ही दुसरी छटाच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रीचा विचारही आत्ताच करावा, कारण २७०० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या उजेडाची छटा सांगणारे माप) पिवळसर दिव्याखाली हीच भिंत तपकिरीकडे वळते आणि ४००० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली पुन्हा निवते. दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात हे सांगणारा निर्देशांक, ९० किंवा त्याहून अधिक असेल, तर रंगाची छटा अधिक खरी दिसते.

लाकडाची चिंता करू नये. पिवळा आणि जांभळा हे परस्परविरोधी रंग असून, शेजारी ठेवल्यास ते एकमेकांना उठाव देतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी रंगांच्या अशा परस्पर परिणामांची सविस्तर मांडणी १८३९ मध्येच केली होती. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुमच्या कपाटाशेजारी भिंत शेडकार्डापेक्षा अधिक जांभळी भासेल. त्यातच चार भिंतींचा प्रकाश एकमेकींवर परावर्तित होऊन रंग आणखी गडद होतो. म्हणून कार्डावर जी छटा मनात भरली, तिच्याहून एक पायरी फिकी आणि अधिक राखाडी छटा घ्यावी आणि ती चारही भिंतींना लावावी. इतका सौम्य रंग एकाच भिंतीवर लावला, तर तो मुद्दाम निवडलेला न वाटता बाकीचे काम राहून गेल्यासारखा दिसतो. छताला निळसर पांढरा देऊ नये, त्याच्यापुढे भिंती मळकट वाटतात. किंचित पिवळसर पांढरा बरा.

अंतिम निर्णयापूर्वी दोन फूट लांबीरुंदीच्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो पूर्ण वाळल्यावर खिडकीजवळ, समोरच्या भिंतीशी आणि कपाटाला टेकवून, सकाळी व दिवे लावल्यावर असा वेगवेगळ्या वेळी पाहावा. ओल्या रंगावरून मत बनवू नये.

प्रश्न : याच रंगासाठी मॅट फिनिश घ्यावे की चमकदार?

उत्तर : मॅट. चमकदार पृष्ठभागावर उजेडाचे डाग पडतात आणि भिंतीचा उंचसखलपणा उघडा पडतो. हात लागून मळणाऱ्या जागांसाठी धुता येणारे मॅट घ्यावे. सर्व डबे एकाच वेळी तयार करून घेऊन काम सुरू करण्यापूर्वी मोठ्या भांड्यात एकत्र ढवळावेत. मशीनवर मिसळलेल्या रंगातही डब्यागणिक किंचित फरक पडू शकतो आणि अशा फिक्या छटेत तो भिंतीच्या मध्यावर रेघेसारखा दिसतो.