'हो सर, समजलं' म्हणतात आणि माल रिजेक्ट

प्रश्न : भोसरीत एका छोट्या सीएनसी शॉपमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट कापतात तिथे) मी सुपरवायझर आहे. आयटीआय झालेली पोरं येतात, सगळं नीट दाखवतो, विचारलं की 'हो सर, समजलं' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धा ट्रे रिजेक्ट. ओरडलं की रिजेक्ट पीस लपवतात, वर तीन महिन्यांत सोडून जातात ते वेगळंच. काय करू?

उत्तर : दादा, आधी ते 'समजलं का' विचारणं बंद करा. नवीन पोरगं, त्यात चार जण बघतायत, ते 'नाही' म्हणेल कशाला?

माझंच सांगतो. एका पोराला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, शिकवलं, मेन स्केल वाच, मग कुठली रेघ जुळते बघ, एक रेघ म्हणजे ०.०२ मिमी, सगळं सांगितलं. जॉब, म्हणजे बनवायचा पीस, २५ मिमीचा, टॉलरन्स (चालणारा फरक) ०.०५ वर-खाली. त्याला रीडिंग आलं २५.०६, म्हणून त्याने इमानदारीत मशीनचा ऑफसेट (टूल किती कापणार ते सेटिंग) तेवढा कमी केला आणि चाळीस पीस काढले, सगळे अंडरसाइज. व्हर्निअरच्या जॉमध्ये, म्हणजे पीस धरणाऱ्या जबड्यात, धातूची बारीक चिप अडकली होती हो, म्हणून माप जास्त दिसत होतं! जॉ पुसायचे, बंद करून झिरो बघायचा, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, कारण मी ते वीस वर्षं करतोय आणि करतोय हेच माझ्या लक्षात राहिलेलं नाही, अंगठा आपोआप फिरतो. चिडलो मात्र त्याच्यावर, आता लाज वाटते.

तेव्हापासून मी एकदा दाखवतो आणि मग हात मागे बांधून उभा राहतो, त्याने काम करायचं आणि काय करतोय, का करतोय ते बोलत बोलत करायचं. जिथे तो अडकतो तिथे बहुतेक वेळा माझंच सांगायचं राहिलेलं असतं. हे काही माझं डोकं नाही, अमेरिकेत १९४० मध्ये युद्धाच्या कामासाठी कारखान्यांत नवखी माणसं भरायची म्हणून ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री सुरू झालं, त्यातली ही पद्धत, पुढे टोयोटानेही उचलली.

लपवण्याचं म्हणाल तर खराब पीसचा लाल ट्रे मशीनला चिकटूनच ठेवा आणि पोरगं स्वतःहून खराब पीस घेऊन आलं तर त्या दिवशी आवाज चढवायचा नाही, त्याच्यासोबत तोच पीस परत मोजायचा. आणि फर्स्ट पीस तुम्ही बघितल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.

सोडून जाण्याचं मात्र माझ्याकडे विचारू नका. शेजारच्या गाळ्यात हजार रुपये जास्त मिळत असतील तर ते मालकाशी बोला.