मालक चांगला असेल तर?

प्रश्न : आमचे मालक सज्जन आहेत. अडीनडीला उचल देतात, आजारपणात विचारपूस करतात. तरी एक सहकारी म्हणतो, मालक आणि कामगार यांचं हित कधीच एक नसतं. हे उगाच कान भरणं नाही का?

उत्तर : नाही. मालकांच्या सज्जनपणावर मी शंका घेत नाही. या वादात स्वभावाला ओढणं मला मुळात पटतच नाही. तुमचा पगार म्हणजे तुमचं घर, त्यांच्या हिशेबात मात्र तो खर्च. मजुरीपेक्षा जास्त जे तुम्ही निर्माण करता, त्याला मार्क्सने वरकड मूल्य म्हटलं. ओढाताण त्याचीच.

सज्जन मालक पाहायचाच तर रॉबर्ट ओवेन पाहा. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कची सूतगिरणी तो चालवायचा. दहा वर्षांखालच्या मुलांना त्याने कामावर घेणं थांबवलं, १८१६ मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली. असल्या खर्चावर भागीदार कुरकुरले, त्याला नवे शोधावे लागले! शिवाय एकट्याने भलं वागून भागेना, शेजारच्या गिरणीचं सूत स्वस्त पडणार. म्हणून त्याने मुलांच्या कामावर मर्यादा घालणारा कायदा सगळ्या गिरण्यांसाठी मागितला. १८१९ मध्ये मिळाला तो अगदीच पातळ. इंग्लंडच्या गिरण्यांत स्त्रिया आणि किशोरांना दहा तासांची मर्यादा यायला १८४७ उजाडलं. त्याआधी सीनियर नावाचे अर्थशास्त्रज्ञ सांगत होते, नफा दिवसाच्या कामाच्या शेवटच्या तासातच असतो, तास कमी केले तर तो बुडेल. तास कमी झाले, गिरण्या चालूच राहिल्या.

उचल खुशाल घ्या. पगारवाढ मागायला मात्र त्या सहकाऱ्याला सोबत न्या.