अण्णा गेले कसे ते सगळ्यांना माहितीय, जगले कसे ते कुणाला विचारू?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे चुलते, घरात सगळे अण्णाच म्हणायचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या बटालियनमध्ये होते, 1971 च्या लढाईत आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला शहीद झाले, वय असेल तेवीस-चोवीस. आजी होती तवर नाव काढलं की रडायची म्हणून कुणी विषयच काढायचं नाही. आता वडील ऐंशीच्या पुढं गेलेत. पत्र्याच्या ट्रंकेत वर्दीतला एक फोटो, थोडी पत्रं अन् पेन्शनचे कागद आहेत. शाळेत दरवर्षी हार घालतात, भाषणं होतात, तेच तेच. मला नीट लिहून ठेवायचंय, सुरवात कुठून करू? त्यांचं लग्न ठरलं होतं असं पण म्हणतात, ते लिहावं का?
– एक पुतण्या, औसा तालुका

उत्तर : दादा, ट्रंक राहू द्या, आधी वडिलांजवळ बसा अन् मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा. फक्त "अण्णांबद्दल सांगा" म्हणू नका, तसं म्हणलं की माणूस शाळेतलंच भाषण म्हणून दाखवतो. विहिरीत पोहायला कुणी कुणाला शिकवलं, मार कुणी जास्त खाल्ला, सुट्टीवर आले की एसटीतून उतरून आधी कुणाच्या घरी जायचे, हे विचारा. साल तर विचारूच नका, दुष्काळाच्या आधी का नंतर एवढंच विचारा, बहात्तरच्या दुष्काळावर आपल्याकडची म्हातारी माणसं सगळा हिशोब लावतात. अन् लढाई 3 ते 16 डिसेंबरची, म्हणजे येळवस, आपली शेतात पूजा अन् जेवण करायची वेळ अमावस्या, अगदी तोंडावर, मग त्या साली आंबील-भज्जी झाली का, शेतात कोण गेलं, निरोप कुणी आणला अन् कुणी वाचला, हे वडिलांना आजही आठवत असणार.

पत्रांचे आधी फोटो काढून घ्या, जुनी इनलँड पत्रं घडीवरच फाटतात. पत्त्यात 56 एपीओ असं काही दिसलं तर ते लष्करी टपालाचं, त्यावरून गाव कळत नाही, आपण कुठं आहोत हे जवानाला लिहिताच येत नसायचं. म्हणून पत्रात लढाई शोधत बसू नका, पाऊस झाला का, मनीऑर्डर मिळाली का, गाय व्याली का असलंच निघणार, अन् माझ्या मते वहीत पहिल्यांदा तेच यायला पाहिजे.

जमालपूरचं थोडक्यात लिहा. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनी चिठ्ठी धाडली तर पाकिस्तानी कर्नलनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, अन् 10 डिसेंबरच्या रात्री ते ढाक्याकडं निसटायला निघाले तर वाटेत जंगी पलटण रस्ता अडवून बसलेली. एवढं पुरे, बाकीचं लष्कराच्या इतिहासात मिळतं, अण्णा तिथं मिळत नाहीत.

आता कागद. सर्व्हिस नंबर पेन्शनच्या कागदावर असतो, तो घेऊन लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा अन् मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. पण एक लक्षात ठेवा, लातूर जिल्हा झाला 1982 ला, त्याच्या आधी औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, म्हणून अर्जात जुना जिल्हा जरूर लिहा नाहीतर उगं चकरा होतात. जन्मतारीख 1 जून निघाली तर खरी धरू नका, ती बहुतेक मास्तरांनी टाकलेली असते! अन् दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, 2019 ला झालं ते, त्याग चक्राच्या ग्रॅनाइटवर स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं कोरलेली आहेत, तिथं अण्णांचं नाव बघून घ्या, स्पेलिंग सुद्धा तपासा.

राहिलं लग्नाचं. ते वडिलांना एकटं गाठून विचारा, चार माणसांत नको. ठरलं होतं एवढं लिहा, सुपारी फुटली होती का तेही लिहा, पण मुलीचं नाव-गाव वहीत टाकू नका. तिचा पुढं संसार झाला असेल, नातवंडं असतील, तिला विचारल्याशिवाय ते आपल्याला लिहिता येत नाही.